हरकतीची मुदत संपण्याआधी



आपल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा सूचना फलक एकदा जवळ जाऊन वाचा. निविदा, थकबाकीच्या याद्या आणि लसीकरणाचे वेळापत्रक यांच्या गर्दीत अधूनमधून एक कागद लागतो. वर लिहिलेले असते, 'प्रारूप उपविधी : हरकती व सूचना मागविण्याबाबत'. खाली बारीक अक्षरांत एक तारीख असते. त्या तारखेच्या आत लेखी काही आले नाही, तर कुणाचेच काही म्हणणे नाही असे धरले जाते. मग तोच मजकूर मंजुरीला जातो, राजपत्रात छापला जातो आणि आपल्या दारातल्या कचऱ्यावर, आपल्या गाड्यावर, आपल्या नळावर आणि आपल्या खिशावर लागू होतो. पावती हातात पडते तेव्हा आपण विचारतो, हा नियम केला कुणी? खरे उत्तर असे की तो आपल्या नावाने केला गेला आणि तेव्हा आपण तिथे नव्हतो.

ही गैरहजेरी संपवा, एवढेच सांगण्यासाठी हे आवाहन आहे. वेळ निघून गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा वेळेत दिलेला एक कागद जास्त काम करतो.

आत्ताच का?

गेली काही वर्षे महाराष्ट्रातली बहुतेक मोठी शहरे लोकनियुक्त सभागृहाविना चालली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. पुण्यातही तेच झाले. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे संविधान सांगते. तरीही सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला आणि राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये.

मधल्या काळात नियम करण्याचे काम थांबले नव्हते. मुंबईत १ एप्रिल २०२५ रोजी घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्याहून मोठ्या घराला ५०० आणि ३०० चौरस मीटरवरच्या घराला १००० रुपये असा वापरकर्ता शुल्काचा प्रस्ताव त्यात होता. दंडाच्या रकमाही वाढवल्या होत्या. हरकतींची मुदत ३१ मे २०२५ ही होती. शुल्क योग्य की अयोग्य यावर दोन मते असू शकतात. कचरा उचलायला पैसे लागतात हे खरेच आहे. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेत घरटी शुल्काचा मसुदा येतो तेव्हा सभागृहात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नसतो, ही गोष्ट साधी नाही. त्या दोन महिन्यांत सामान्य माणसाकडे एकच दार उघडे होते, ते म्हणजे लेखी हरकत.

आता सभागृहे पुन्हा बसली आहेत. त्याच सुमारास केंद्राने घनकचऱ्याचे २०१६ चे नियम बदलून नवे नियम आणले आणि १ एप्रिल २०२६ पासून ते लागू करण्याचे ठरवले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असा चार प्रकारांत कचरा वेगळा करायचा आहे. २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थांना वर्षभरात आपापले उपविधी करायला सांगितले होते. पायाच बदलला, म्हणजे त्यावर उभे असलेले शहरोशहरीचे उपविधी पुन्हा तपासायची आणि लिहायची वेळ आली. कुणाच्या दारातून किती कचरा, किती वाजता, किती शुल्काने उचलायचा आणि चुकणाऱ्याला किती दंड करायचा, हे सगळे त्यात ठरेल. म्हणून सांगतो, लक्ष द्यायची वेळ आत्ताची आहे. मुदत संपल्यावर चिडून काही हाती लागणार नाही.

हा अधिकार येतो कुठून?

१९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, शहरांसाठी बाराव्या अनुसूचीत १८. मात्र किती अधिकार द्यायचे हे संविधानाने राज्य विधिमंडळावर सोपवले. त्यामुळे आपल्याकडे पायऱ्या अशा आहेत : विधिमंडळ अधिनियम करते, त्याखाली राज्य सरकार नियम करते आणि त्या चौकटीत स्थानिक संस्था उपविधी करते. मुंबईसाठी १८८८ चा अधिनियम आहे, इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा आणि गावांसाठी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम. बाजार, कत्तलखाने, सांडपाणी, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे अडथळे, स्वच्छता अशा कितीतरी बाबींवर नियम करण्याची ताकद या कायद्यांनी आपल्या दारातल्या संस्थेला दिली आहे. मुंबईत रस्त्यावर थुंकणाऱ्याकडून २०० रुपये घेतले जात, ते २००६ च्या स्वच्छता उपविधींच्या आधारे.

या ताकदीला कुंपणही आहे. महानगरपालिकेच्या उपविधीला आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात, सभागृहाची संमती आणि मग शासनाची मान्यता लागते. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दात उपविधीचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे संसदेच्या कायद्याला मूलभूत हक्क मोडता येत नाहीत, तसेच गावाच्या उपविधीलाही येत नाहीत. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही किंवा वसूल करता येत नाही. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईकडून ठेकेदाराचा माणूस पैसे घेतो तेव्हा त्या रकमेमागे मंजूर दर आणि पावती असायलाच हवी. ती नसेल तर तो नियम नव्हे, ती लूट आहे.

इथे एक गल्लत सर्रास होते. ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे कायदा झाला, असे अनेकांना वाटते. ठराव हे गावाचे मत आहे, संकल्प आहे आणि त्याचे नैतिक वजन मोठे आहे. पण कुणाकडून दंड घ्यायचा, कुणाचा परवाना नाकारायचा, कुणाचे बांधकाम थांबवायचे, तर ठरावामागे कायद्याने दिलेला अधिकार आणि रीतसर मंजूर झालेला नियम लागतो. ही पायरी गाळली की चांगल्या हेतूने केलेला नियमही कोर्टात पहिल्याच तारखेला कोसळतो आणि गावाचा हुरूप मोडतो.

महाडचा धडा

स्थानिक संस्थेच्या अधिकाराची किंमत काय असते हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचे धोरण आले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर काम झाले होते. पण तळ्याच्या पायऱ्या बंदच राहिल्या, कारण ठरावाची अंमलबजावणी करायला कुणी उभे राहिले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नगरपालिकेच्या ठरावाला खरा अर्थ त्या दिवशी आला. पण पुढचे प्रकरण आपण सहसा सांगत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. मग डिसेंबरचा दुसरा सत्याग्रह, कोर्टातले दावे आणि अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. चारच वर्षांत एका सभागृहाने तळे उघडलेही आणि बंदही केले. मधल्या दहा वर्षांची किंमत मोजली ती ज्यांची सभागृहात गणती नव्हती त्यांनी.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, स्थानिक संस्थेचा अधिकार ही किरकोळ बाब नाही. पाणी प्यायचे की नाही इथपर्यंत तो पोचतो. दोन, बहुमताला हवे म्हणून केलेला नियम न्याय्य असतोच असे नाही. गावाच्या हाती सत्ता देण्याबद्दल डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये संविधान सभेत जो कठोर इशारा दिला, त्यामागे हाच अनुभव होता. त्या इशाऱ्याचे उत्तर गावाचे अधिकार काढून घेण्यात नाही. गावातला प्रत्येक माणूस सभेत बसेल, बोलेल आणि त्याचे बोलणे इतिवृत्तात उतरेल, हे त्याचे उत्तर आहे.

हा इशारा जुना झालेला नाही. अलीकडेही एखाद्या ग्रामसभेने यात्रेत अमुक धर्माच्या व्यापाऱ्यांनी दुकाने लावू नयेत असा ठराव केला आणि प्रशासनाला तो रद्द ठरवावा लागला, असे घडले आहे. कुठे भावकी-गावकीच्या बैठका कुटुंबाला वाळीत टाकतात, दंड मागतात. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. गावकीची बैठक म्हणजे ग्रामसभा नव्हे आणि ग्रामसभेलाही कुणाचा धर्म, जात किंवा रोजगार बघून बंदी घालता येत नाही. असा विषय पुढे आला तर गप्प बसू नका. उठून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. शांत राहिलेली माणसे त्या ठरावात संमतीच्या बाजूने मोजली जातात.

जिथे लोक बसले, तिथे काय झाले

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव बघा. बहुमताने नाही तर सर्वसहमतीने निर्णय घ्यायचे, हे गावाने ठरवले. त्यासाठी अभ्यास गट बसवले, म्हणजे निर्णयाआधी विषय समजून घ्यायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखाते देईना. गाव मागे हटले नाही. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. आपल्या जंगलातला बांबू तोडायचा कधी, किती आणि विकायचा कसा, हे गाव ठरवू लागले. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम आज राज्यातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देतात. तिथल्या भावाबहिणींना आमची खास विनंती आहे : हे नियम मराठीत उपलब्ध आहेत, ते गावात मोठ्याने वाचा.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ग्रामसभेत बसून पाण्याचे नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. शेजारच्या शिवारात ऊस दिसत असताना स्वतःवर अशी बंधने घालणे सोपे नव्हते. ती टिकली, कारण दरवर्षी गावात पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडला जातो आणि कुठले पीक किती घ्यायचे हे त्यावरून ठरते. आकडे सगळ्यांसमोर असतील तर नियम जाचक वाटत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा आदर्श घ्यायला सांगितले. एका ग्रामपंचायतीने पाऊल टाकले आणि राज्य तिच्या मागे गेले. वरून खाली येणाऱ्या आदेशांची सवय झालेल्या आपल्याला हा उलटा प्रवास शक्य आहे हे कळावे, म्हणून हे उदाहरण सांगितले.

आणि जिथे लोक बसले नाहीत

आता घराघरातले दृश्य पाहा. ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई हजेरी रजिस्टर घेऊन दारात येतो. "काकू, एवढी सही करा, कालच्या सभेची." काकू पदराला हात पुसतात आणि सही करतात. त्या एका सहीने त्या सभेला हजर झाल्या, विषय ऐकला, संमती दिली, असा कागद तयार होतो. त्यात पाणीपट्टी वाढली असेल, गायरानाचा तुकडा कुणाला द्यायची शिफारस असेल, बाजाराचा ठेका असेल. काकूंना ते कळते ते वर्षभराने, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. चार हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसे पुरतात आणि तीही जमत नाहीत. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा अडत नाही. ती फक्त आपल्याविना होते.

शहरात हेच वेगळ्या रूपात घडते. मसुदा संकेतस्थळावर टाकलेला असतो, तोही अनेक पानांचा, कलम-पोटकलमांच्या भाषेत. 'तपशील कार्यालयीन वेळेत पाहता येईल,' असे सूचनेत असते आणि कार्यालयीन वेळेत माणूस कामावर असतो. मुदत संपते, हरकती मूठभर येतात आणि अहवालात लिहिले जाते की नागरिकांचा प्रतिसाद अल्प होता. फेरीवाल्यांच्या बाबतीत तर २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के जागा खुद्द विक्रेत्यांना दिल्या, त्यांतल्या एकतृतीयांश महिलांसाठी. ही समिती आपल्या शहरात बसते का, कधी बसली, कुणाला बोलावले, हे विचारणारे किती आहेत? गाडी उचलून नेली की ओरड होते. गाडी कुठे लावायची हे ठरत होते तेव्हा मात्र कुणी विचारले नाही.

आपण काय करायचे

बंधू-भगिनींनो, आता कामाचे बोलू. यातले एकही काम असे नाही की ज्याला वकील लागेल.

पहिले, आपल्या संस्थेत सध्या कोणते उपविधी लागू आहेत त्याची यादी आणि प्रत मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार संस्थेने आपले नियम स्वतःहून जाहीर करायचे असतात. तोंडी मागून मिळत नसेल तर साध्या कागदावर अर्ज करा, १० रुपयांचे शुल्क भरा. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. प्रत मिळाली की ती वाचनालयात, तालमीत, बचत गटात, सोसायटीच्या फलकावर ठेवा.

दुसरे, ग्रामसभेला जा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, पण नोटीस वेगळी येऊ शकते म्हणून फलक बघत राहा. आपला विषय आधीच लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. 'ऐनवेळच्या विषयात' ढकलला जाणार नाही. सभा सुरू होताच मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. ठराव लिहिला जात असताना सूचक कोण, अनुमोदक कोण आणि शब्द काय, हे ऐका. सही सभेत करा. घरी आलेल्या रजिस्टरावर सही करू नका, कुणीही कितीही गोड बोलले तरी.

तिसरे, हरकत लिहायला शिका. 'हा नियम अन्यायकारक आहे' एवढे लिहून चालत नाही. कलमाचा क्रमांक द्या, अडचण काय ते दोन ओळींत सांगा आणि त्या जागी कोणते शब्द हवेत तेही लिहून द्या. समजा मसुद्यात लिहिले आहे की विक्रेत्याने दिवसाअखेर जागा स्वच्छ न केल्यास दंड होईल. मग विचारा : कचरापेटी किती अंतरावर असेल? गाडी किती वाजता येईल? पहिल्या चुकीला समज की थेट दंड? आणि लिहा, 'पालिकेने बाजाराच्या जागी कचरापेटी ठेवल्यानंतरच ही तरतूद लागू व्हावी.' असा कागद अधिकाऱ्याला बाजूला टाकणे अवघड जाते. शक्य असेल तिथे 'मला समक्ष सुनावणी हवी' हेही लिहा. कागद आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन पोच जपून ठेवा. ईमेलने दिली तर त्याची छापील प्रत ठेवा. एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रतींपेक्षा स्वतःच्या अडचणीतून लिहिलेल्या दहा हरकती अधिक वजनदार असतात.

चौथे, दंड भरताना विचारा : कोणत्या उपविधीखाली, कोणत्या कलमाने, आणि दर कुठे लिहिला आहे? पावतीशिवाय पैसे देऊ नका. नम्रपणे विचारा, पण विचारा. रस्त्यावर दंड घेणारा कर्मचारी हा बहुतेक वेळा कंत्राटी, आपल्यासारखाच पगाराची वाट बघणारा माणूस असतो. भांडण त्याच्याशी नाही. प्रश्न नियमाचा आहे आणि तो कार्यालयात जाऊन विचारायचा आहे.

पाचवे, महिलांनी आपले हक्काचे व्यासपीठ सोडू नये. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे बंधनकारक आहे. ती फक्त कागदावर होत असेल तर बचत गटाने मिळून सरपंचांना लेखी विचारावे. दारूचे दुकान बंद करायचे असेल तर मतदानाची तरतूद आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. अनेक गावांतल्या बायकांनी ते करून दाखवले. अधिकार कायद्यात होता, पण तो वापरायला त्या रांगेत उभ्या राहिल्या म्हणून दुकानाला टाळे लागले.

लोकप्रतिनिधींनो, अधिकाऱ्यांनो, तुम्हालाही

नव्याने निवडून आलेल्या नगरसेवक, नगराध्यक्ष आणि सरपंचांना आमचे मनापासून सांगणे आहे. प्रभागातला पेव्हर ब्लॉक महत्त्वाचा आहे, पण तुम्ही सभागृहात हात वर करून संमत केलेला नियम पेव्हर ब्लॉकपेक्षा जास्त वर्षे टिकणार आहे. मसुदा न वाचता मत देऊ नका. विषय पटलावर आला की 'वाचला असे समजून' पुढे नेऊ नका. मसुदा प्रसिद्ध झाला की प्रभागात एक बैठक लावा, सोप्या मराठीत दोन पानांचा सारांश काढा, चावडीवर, मंडईत, बसस्थानकावर लावा, व्हॉट्सॲपच्या गटांवर टाका. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी दवंडी अजून चालते.

अधिकाऱ्यांना विनंती की हरकतींवरचा निर्णय कारणासह जाहीर करावा. कोणती हरकत मान्य केली, कोणती नाकारली आणि का, हे लोकांना कळले तर पुढच्या वेळी ते अधिक जबाबदारीने लिहितील. आणि राज्य सरकारला सांगणे आहे की उपविधींना मान्यता देण्याचे काम वर्षानुवर्षे फायलीत राहू नये. सभागृहाचे ठराव विखंडित करण्याचा अधिकार कायद्याने शासनाला दिला आहे, तो अपवाद म्हणूनच वापरला जावा. बांधकामाचे नियम २०२० मध्ये मुंबईसारखी काही ठिकाणे वगळता सगळ्या राज्याला एकच करण्यात आले. सुसूत्रतेचा फायदा मान्य, पण डोंगरउतारावरचे शहर आणि नदीकाठचे शहर यांच्या गरजा एक नसतात. स्थानिक संस्थेला आपल्या भूगोलाप्रमाणे नियम कडक करता आले पाहिजेत.

निवृत्त शिक्षकांनो, बँकेतून आणि कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्यांनो, कायद्याच्या विद्यार्थ्यांनो, पत्रकारांनो, तुमच्यापाशी कागद वाचायची सवय आहे. ती गावाला द्या. महिन्यातून एका संध्याकाळी वाचनालयात बसा आणि चालू मसुदा लोकांना समजावून सांगा. हरकत लिहून द्या, पण शब्द त्यांचे राहू द्या. स्थानिक वर्तमानपत्रांनी 'जाहीर सूचना' या रकान्यातल्या मुदती ठळक छापाव्यात. त्या चौकटीत ज्या तारखा येतात, त्या एखाद्या उद्घाटनाच्या तारखेपेक्षा लोकांच्या जास्त कामाच्या आहेत.

काहीजण म्हणतील, आमच्या एका हरकतीने काय होणार? ठरलेले असते ते होणारच. हा अनुभव अनेकांचा आहे आणि तो खोटा नाही. पण हरकत नोंदवली नाही तर कोर्टातही विचारले जाते की मुदतीत आपण काय म्हणालात? नोंदवली असेल तर ती नाकारण्याचे कारण द्यावे लागते आणि त्या कारणावर पुढची लढाई उभी राहते. आज दिलेला कागद उद्याच्या लढ्याचा पहिला पुरावा असतो.

म्हणून, या आठवड्यात एवढे करा. आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या कार्यालयात जा. सूचना फलक वाचा. कोणता मसुदा हरकतींसाठी खुला आहे आणि मुदत कधी संपते ते विचारा. खुला असेल तर प्रत घ्या, चार शेजाऱ्यांना बोलवा, एकत्र वाचा, हरकत लिहा, मुदतीत द्या आणि पोच घ्या. खुला नसेल तर लागू असलेल्या उपविधींची यादी मागणारा अर्ज त्याच दिवशी द्या. पुढच्या ग्रामसभेला, पुढच्या सुनावणीला घरातल्या एका तरुण मुलाला किंवा मुलीला सोबत न्या.

आपल्या गावाचे आणि शहराचे नियम आपणच लिहायचे आहेत. कायद्याने तो अधिकार दिला आहे, मुदतही दिली आहे. तारीख उलटायच्या आत आपला कागद टेबलावर पोचवा.